नव्या देशात नव्या भाषेचे पहिले धडे



अलिबाग शहरात ‘इस्रायल आळी’ या नावाचा एक भाग आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. तेथे बेने इस्रायल समाजाचे ‘मागेन अबोथ’ नामक प्रार्थनामंदिर आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी ह्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हटलेले तुम्ही ऐकले असेल. कारण तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी बैल सोडून देत आणि घाणा बंद ठेवीत. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून जी सात स्त्रीपुरुषांची जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, केहीमकर, चेऊलकर, रोहेकर, घोसाळकर, झिराडकर ही त्यांची आडनावे उच्चारली की आपल्या जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांचा पोशाख, त्यांचा भातमासळीचा आहार, त्यांच्या ओव्या व म्हणी सर्व आपल्याच.

१९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे जाऊन वसली. आज आपल्या जिल्ह्यात त्यांची थोडीच घरे उरली आहेत. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी त्यांच्यापैकी अनेकांनी नवे संसार मांडले. तेथील व्यवहाराची भाषा हिब्रू. तेव्हा मराठी बोलणाऱ्या, प्रौढ वयाच्या, घरी मानमरातब असलेल्या माणसांना परक्या देशी पुन्हा बिगारीपासून आरंभ करावा लागला. तो त्यांनी कसा केला आणि त्यावरून आपण काय शिकावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल, परंतु लेखाच्या अखेरीस तो आपल्याच वर्गाच्या दारात येऊन उभा राहील, अशी माझी खात्री आहे.

पाठ पहिला : अक्षर येते, पण भाषा येत नाही

दिमोना येथे आयुष्य घालवून अलिबागेस पूर्वजांच्या कबरी पाहण्यास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांची माझी काही वर्षांपूर्वी ओळख झाली. ते वयाच्या विशीत तिकडे गेले. त्यांनी सांगितलेली हकीकत मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “मास्तर, वर्गात निरनिराळ्या देशांची माणसे होती. बाईंनी पुस्तक पुढे केले, तेव्हा मी घडाघडा वाचून दाखविले. लहानपणापासून प्रार्थना पाठ होत्या ना! बाई प्रसन्न झाल्या आणि म्हणाल्या, ‘मा श्लोमखा?’ मी गप्प. त्या नुसते ‘कसे आहात?’ असे विचारीत होत्या, हे मला कोणी तरी मागाहून सांगितले. परमेश्वराशी बोलण्याइतकी भाषा मला येत होती, शेजाऱ्याशी बोलण्याइतकी येत नव्हती.”

ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिब्रू लिपीत बावीस अक्षरे असून ती उजवीकडून डावीकडे लिहितात. ही सर्व अक्षरे मूलतः व्यंजनांची आहेत. स्वर दाखविण्यासाठी अक्षराच्या खालीवर बिंदू व रेघा देतात. पण त्या केवळ प्रार्थनेच्या पुस्तकांत, काव्यात व बालबोध वाचनात. वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर किंवा मोटारीच्या थांब्यावर त्या नसतात. वाचकाने शब्द ओळखून स्वर स्वतः घालावयाचे. आपले आजोबापणजोबा मोडी वाचीत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद अक्षरावरून न कळता संदर्भावरूनच कळे. तसाच हा प्रकार. साहजिकच, ज्याला शब्द ठाऊक नाही त्याला पाटीही वाचता येत नाही. प्रार्थनेचे पुस्तक अस्खलित वाचणारा मनुष्य भाकरीच्या दुकानापुढे निरक्षर ठरतो!

पाठांतर आणि ज्ञान ह्यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावा. इंग्रजी कविता घोकून पहिला क्रमांक मिळविणारा मुलगा प्रवासात टपालकचेरीचा रस्ता इंग्रजीत विचारू शकेलच, असे नाही. तथापि पाठांतर व्यर्थ गेले, असेही समजू नये. ज्यांना अक्षरओळख मुळीच नव्हती, त्यांच्या मानाने ह्या गृहस्थांची अर्धी वाट सरलेली होती. उरलेल्या अर्ध्या वाटेस पाठांतराचा उपयोग नव्हता. ती बोलत बोलतच चालावयाची होती.

पाठ दुसरा : ‘मी’ म्हणजे ‘कोण?’

आता हिब्रूची काही सर्वनामे पाहू. ‘अनी’ म्हणजे मी. ‘अता’ म्हणजे पुरुषास उद्देशून तू, आणि ‘अत’ म्हणजे स्त्रीस उद्देशून तू. ‘हू’ म्हणजे तो. ‘ही’ म्हणजे ती. ‘मा’ म्हणजे काय. आणि ‘मी’ म्हणजे? ‘मी’ म्हणजे कोण!

मराठी मनुष्याची येथे कशी त्रेधा उडते, ते पाहा. त्याने आपल्या छातीवर हात ठेवून “मी” म्हणावे, तर ऐकणाऱ्यास वाटते की हा “कोण?” असे विचारतो आहे. समोरचा “अनी” म्हणाला की आपल्या माणसास वाटते, हा “आणि...” म्हणून थांबला, पुढे काही तरी सांगणार. वर्गात ह्यावर हशा पिकतो, आणि तो पिकावाही. परंतु त्या विनोदाच्या तळाशी एक कठोर सत्य आहे. परक्या देशी गेलेला मनुष्य जेव्हा ‘मी’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला ‘कोण?’ हाच प्रतिसाद मिळतो. आपल्या गावी ज्याला सारा पंचक्रोश ओळखीत होता, त्याला तेथे आपण कोण हे तुटक्यामुटक्या शब्दांत सांगावे लागते.

बेने इस्रायलांना हा प्रश्न केवळ व्याकरणात पडला नाही. १९६२ पासून तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांच्या बाबतीत वंशपरंपरेची चौकशी सुरू केली. हे लोक धर्माने खरोखर ज्यू आहेत काय, अशी ती शंका होती. ह्या अपमानाविरुद्ध त्यांनी एकजुटीने चळवळ केली. अखेर १९६४ च्या ऑगस्ट महिन्यात त्या देशाच्या कायदेमंडळाने, ह्या समाजास सर्व बाबतीत इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले पाहिजे, असे जाहीर केले. आपली बाजू मांडण्यासही त्या देशाची भाषा हवी, हे ह्यावरून उघड होते. नवी भाषा शिकणे हे केवळ बाजारहाटाचे साधन नसून मानाने उभे राहण्याचेही साधन आहे.

पाठ तिसरा : मातृभाषा हा दिवा आहे

पुष्कळांची अशी समजूत असते की, परकी भाषा शिकावयाची तर मातृभाषा विसरावी. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. मातृभाषेच्या प्रकाशातच परकी भाषा दिसू लागते. हिब्रूचीच उदाहरणे घेऊ.

इंग्रज मनुष्य ‘मी शिकतो’ व ‘मी शिकते’ ह्यांत भेद करीत नाही. हिब्रूत मात्र पुरुष ‘अनी लोमेद’ म्हणतो आणि स्त्री ‘अनी लोमेदेत’ म्हणते. मराठी मुलीला हे शिकविण्याची आवश्यकताच काय? ती जन्मापासून हेच करीत आली आहे. ‘तिघे मुलगे’ आणि ‘तिघी मुली’ असा भेद आपण माणसे मोजताना करतो. हिब्रूत तो सर्वच वस्तू मोजताना करतात. ‘श्लोशा बानीम’ म्हणजे तीन मुलगे, ‘शालोश बानोत’ म्हणजे तीन मुली. आपण ‘दिमोनात’ म्हणताना ‘त’ हा प्रत्यय शब्दाच्या शेवटी लावतो; हिब्रू त्याच अर्थाचा ‘बे’ शब्दाच्या आरंभी लावून ‘बे-दिमोना’ म्हणते. दाराची कडी आतून लावली काय आणि बाहेरून लावली काय, दार बंद होते, इतकाच हा फरक.

आता धातू पाहा. हिब्रूतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून उगवतात. ‘क-त-व’ हा लेखनाचा धातू घ्या. ‘कताव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कोतेव’ म्हणजे लिहितो, ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, ‘क्तोवेत’ म्हणजे पत्ता. ‘ल-म-द’ हा शिकण्याचा धातू: ‘लोमेद’ शिकतो, ‘तल्मीद’ विद्यार्थी, ‘लिमूद’ अभ्यास. एक धातू कळला की शब्दांचे सबंध कुटुंब ओळखीचे होते. आपणांस हे अगदीच नवीन आहे, असे नाही. हिब्रूची बहीण जी अरबी, तिच्यातून फारसीच्या द्वारे मराठीत आलेले ‘हुकूम’ आणि ‘हाकीम’, ‘कायदा’ आणि ‘कवायत’ हे शब्द उच्चारून पाहा. प्रत्येक जोडी एकाच धातूची आहे. मैदानावर रोज कवायत करणाऱ्या मुलांनो, ती कायद्याची सख्खी बहीण आहे, हे तुम्हांस माहीत होते काय?

मातृभाषेचा दिवा जेथे पुरत नाही, अशा जागाही आहेत. हिब्रूत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘घ’ आणि ‘भ’ नाहीत. त्यामुळे ‘घोसाळकर’ हे भारदस्त आडनाव तेथे ‘गोसालकर’ होऊन बसते. उलट, घशाच्या तळातून घासून काढावयाचा ‘ख’ आपल्याला नव्याने शिकावा लागतो. ह्याहूनही कठीण गोष्ट म्हणजे हिब्रूच्या नित्य व्यवहारात ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ असा आदराचा शब्दच नाही. लहानथोर सर्वांस ‘तू’. ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाईंना ‘अत’ म्हणावयास माझी जीभ वळेना. वाटे, आपण गुरूला अरेतुरे करीत आहो. मग मी एक युक्ती काढली. तोंडाने ‘अत’ म्हणावे आणि मनात ‘आपण’ म्हणावे.” शब्द गेला तरी आदर जात नाही, हे केवढे शहाणपण त्यांच्या बोलण्यात होते!

पाठ चौथा : आधी गरजेचे, मग शोभेचे

नवागतांसाठी तेथे ‘उल्पान’ नावाच्या शाळा असतात. पहिली उल्पान १९४९ साली यरुशलेम येथे निघाली. तेथे हिब्रू ही हिब्रूतूनच शिकवितात. कारण एका बाकावर मोरोक्कोचा, दुसऱ्यावर रुमानियाचा आणि तिसऱ्यावर कोकणचा विद्यार्थी बसलेला असतो. शिक्षक भाकरी दाखवितो आणि ‘लेखेम’ म्हणतो, पाणी दाखवितो आणि ‘मायीम’ म्हणतो. लहान मूल आईच्या मांडीवर जसे शिकते, तसेच हे.

पहिल्या आठवड्यास कोणती वाक्ये हवीत? ‘अनी मे-होदू’, मी हिंदुस्थानातून आलो. (बायबलाच्या अभ्यासकांस ठाऊक असेल की, एस्तेरच्या पुस्तकाच्या आरंभीच हिंदुस्थानाचा हा ‘होदू’ शब्द आलेला आहे.) ‘कामा झे ओले?’, ह्याची किंमत काय? ‘एफो?’, कोठे? ‘तोदा’, आभारी आहे. ‘स्लिखा’, क्षमा करा. आणि सर्वांत मोलाची दोन वाक्ये: ‘अनी लो मेवीन’, मला समजले नाही, ‘लेआत, लेआत, बेवकाशा’, हळू हळू, कृपा करून. स्त्री असेल तर ती ‘मेवीन’ ऐवजी ‘मेवीना’ म्हणेल. ज्याला “मला समजले नाही” असे निःसंकोचपणे म्हणता येते, त्याचा अर्धा अभ्यास झाला, असे मी मानतो. जो न समजता मान डोलावतो, तो वर्षभर मानच डोलावीत राहतो.

आणखी एक गोष्ट नवशिक्यास धीर देणारी आहे. हिब्रू ही शतकानुशतके धर्मग्रंथांची व विद्वानांची भाषा होती. ती कोणाच्याही घरी आईच्या तोंडची भाषा राहिली नव्हती. १८८१ साली एलिएझेर बेन-यहूदा हा गृहस्थ यरुशलेमेस गेला, आणि आपल्या घरात हिब्रूवाचून दुसरी भाषा बोलावयाची नाही, असा त्याने नेम केला. जुन्या ग्रंथांत रोजच्या वस्तूंना शब्द नव्हते. म्हणून त्याने ‘मिलोन’ म्हणजे शब्दकोश, ‘मगेवेत’ म्हणजे टॉवेल असे शब्द बनविले. म्हणजे आज जे ही भाषा पाण्यासारखी बोलतात, त्यांचे आजेपणजेही एके काळी तिचे नवखे विद्यार्थीच होते!

पाठ पाचवा : आपल्याकडे आलेला नवागत

येथवर जे बाहेर गेले त्यांचे सांगितले. आता आपल्या किनाऱ्यास कोण आले, ते पाहू. जॉन विल्सन हा स्कॉटलंडचा मिशनरी १८२९ साली मुंबईस उतरला. कोकणात हर्णै येथे राहून त्याने मराठीचा अभ्यास केला. तोही आपल्याकडे एक नवागतच होता. त्याच्याही तोंडी ‘ळ’ आणि ‘ण’ सहजासहजी बसले नसतील. पुढे तीनच वर्षांत, १८३२ साली, त्याने बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापविले. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या विद्येचा उपयोग बेने इस्रायलांनी आपले स्वतःचे धर्मग्रंथ समजून घेण्याकडे केला, आणि ते आपल्या धर्मात अधिकच दृढ झाले. ह्याच समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर ह्यांनी पुढे हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठीत भाषांतरे केली. विद्या एकदा दिली की ती घेणाऱ्याची होते, ही गोष्ट शिक्षकाने कधीही विसरू नये.

नवागतांची ही परंपरा अद्याप संपलेली नाही. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजांपासून निपजलेली बोली आजही घराघरांत ऐकू येते. माणगाव तालुक्यात विळे भागाड येथे कोरिया देशाच्या पोस्को कंपनीचा पोलादाचा कारखाना आहे. उद्या आपल्यापैकी कोणी चाकरीनिमित्त कोरियास गेला, तर त्याला वेगळाच अनुभव येईल. कोरियन भाषेत लिंगभेदाचा त्रास नाही. क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. विभक्तिदर्शक प्रत्यय शब्दाच्या मागून लागतात. आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप आदरार्थी करावेच लागते. लिपी तर सेजोंग नामक राजाने १४४६ साली मुद्दाम सामान्य प्रजेसाठी प्रसिद्ध केली. ती थोड्या दिवसांत हस्तगत होते. हिब्रूत आपल्या ‘शिकतो-शिकते’चा सोबती भेटतो, कोरियनमध्ये आपल्या ‘आपण-तुम्ही’चा. प्रत्येक परक्या घरात आपल्या घरची एखादी तरी वस्तू सापडतेच. फक्त ती शोधण्याची दृष्टी हवी.

आता शेवटी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांमागे माझ्या वर्गात परप्रांतातून एक मुलगा आला. त्याचा बाप मच्छीमारी बोटीवर खलाशी होता. पहिल्याच दिवशी त्याने उभे राहून सांगितले, “माझा आई गावी आहे.” सारा वर्ग हसला, आणि लिहिण्यास लाज वाटते, पण माझ्याही ओठांवर हसू आले. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मुलाने वर्गात तोंड उघडले नाही. ‘माझी’ आणि ‘माझा’ हा भेद त्याच्या मातृभाषेत आपल्यासारखा नव्हता, एवढाच त्याचा अपराध. ज्या गोष्टीसाठी बेने इस्रायलांची मराठी त्यांना उपयोगी पडली, नेमक्या त्याच गोष्टीत ह्या मुलास त्याची भाषा साहाय्य करू शकत नव्हती. हे मला तेव्हा कळावयास हवे होते. पुढे मी त्याला त्याच्या भाषेत ‘आई’ला काय म्हणतात, असे वर्गापुढे विचारले. त्याने तो शब्द फळ्यावर लिहिला, सर्व मुलांनी तो म्हणून पाहिला आणि सर्वांचेच उच्चार चुकले! त्या दिवशी तो प्रथम हसला, आणि त्या दिवसापासून बोलू लागला.

पालकहो, आपण परगावी किंवा परदेशी राहावयास गेलात, तर मुले तेथील भाषा तुमच्या आधी शिकतील आणि दुकानात तुमचे दुभाषे होतील. त्यात कमीपणा मानू नका. त्यांच्याकडून शिका, परंतु घरी त्यांच्याशी मराठीच बोला. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या लोकांनी हिब्रू आत्मसात केली, तथापि ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिकही तेथे चालविले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात, ह्याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

विद्यार्थ्यांनो, बेने इस्रायल ह्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिले, तेव्हा ते हिब्रू जवळजवळ सर्व विसरले होते. एक प्रार्थना मात्र त्यांनी कधीच विसरली नाही. जन्मप्रसंगी, विवाहप्रसंगी आणि मृत्युप्रसंगी ते ती म्हणत आले. तिचे नाव ‘शेमा’. तो तिचा पहिला शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ‘ऐक’ असा आहे. कोणतीही भाषा शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच, आणि ज्याच्या गावी नवागत येतो त्याचाही पहिला धडा हाच. पुढच्या जूनमध्ये तुमच्या शेजारच्या बाकावर कोणी नवीन मूल येऊन बसेल. ते चुकेल, अडखळेल. तेव्हा हसण्यापूर्वी एवढे करा: ऐका.